घोडा पाहून माणूस, माणूस पाहून घोडा

मोटारी जिथे थांबतात त्या माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर उतरलेलं कुटुंब घोडे ठरवताना आधी रंग पाहतं. धाकट्याला पांढरा हवा असतो, थोरलीला उंच, वडिलांना भाव कमी करून हवा असतो आणि आजींना घोडाच नको असतो. घोडेवाला सगळ्यांचं ऐकून घेतो, पण त्याचं लक्ष दुसरीकडे असतं. मुलाने आईचा हात किती घट्ट धरलाय, वडील घोड्याजवळ खांद्याकडून जातात की शेपटीकडून, कोण मोठ्याने बोलतं, कोण आवाज झाला की दचकतं, हे तो टिपत असतो. मग म्हणतो, "ताई, बाळाला या राजावर बसवा, गरीब आहे. दादा, तुम्ही बादल घ्या. पांढरा आज नको, त्याला दुसऱ्याच्या मागे चालायला आवडत नाही." थोडी कुरकुर होते आणि बहुतेक वेळा त्याने लावलेल्या जोड्याच पॉइंटांकडे निघतात.

ही जोडी लावणं हेच या धंद्यातलं खरं कसब. लगाम धरून चालणं महिनाभरात जमतं. कोणत्या घोड्याच्या पाठीवर कोणता माणूस शोभेल, किंबहुना कोणता माणूस सुखरूप परत येईल, हे कळायला वर्षं जातात. माथेरानमध्ये हे कसब पावणेदोनशे वर्षं टिकलं, कारण मोटारीने त्याची जागा घ्यावी अशी वेळ त्या डोंगरावर कधी आली नाही.

मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट हे पायथ्याच्या चौक गावातून हा डोंगर चढून गेले. वर गर्द झाडी होती, हवा थंड होती आणि मुंबई हाकेच्या अंतरावर होती. आजूबाजूच्या ठाकूर, कातकरी आणि धनगरांना तो डोंगर पिढ्यान्‌पिढ्या माहीत होता. सरकारी दप्तरात तो त्या उन्हाळ्यात आला. मॅलेट यांनी वर घर बांधलं, मागोमाग इतर इंग्रज अधिकाऱ्यांनी बांधली. १८५३ ते १८६० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी वस्तीला आकार दिला. त्याच सुमारास रेल्वेही जवळ आली. १८५३ मध्ये मुंबईहून ठाण्यापर्यंत धावलेली गाडी १८५६ मध्ये नेरळ ओलांडून खोपोलीच्या बाजूला पोहोचली. आता मुंबईहून नेरळपर्यंत आगगाडी आणि तिथून वर टट्टू, अशी सोय झाली.

टट्टूच. उंच अरबी घोडा नव्हे. नेरळहून माथेरानचा माथा सुमारे साडेसातशे मीटर उंच, आणि वाट जंगलातून, वळणावळणाची, सैल दगडांची. अशा वाटेवर आखूड पायांचा, रुंद छातीचा, थोड्या चाऱ्यावर भागवणारा घोडा लागतो. दख्खनमध्ये असा घोडा होताच. भीमेच्या खोऱ्यातल्या भीमथडी टट्टवांवर मराठ्यांच्या फौजा दूरदूरच्या मुलखात जाऊन आल्या होत्या. १८१८ नंतर फौजा मोडल्या, पागा ओस पडल्या आणि या घोड्यांची मागणी बसली. तरी ओझ्यासाठी, बाजारहाटासाठी, धनगरांच्या भटकंतीसाठी ते उपयोगी पडत राहिले. धनगरांचा तांडा आजही घाटावरून कोकणाकडे निघतो तेव्हा संसाराच्या गाठोड्यांबरोबर नुकती जन्मलेली कोकरं आणि पाय दुखू लागलेली पोरं घोड्याच्या पाठीवर असतात. कुटुंबाने घोड्यांसह डोंगर ओलांडणं ही महाराष्ट्राला पर्यटनाने शिकवलेली गोष्ट नाही. भीमथडीला केंद्र सरकारच्या पशू आनुवंशिक संस्थेकडून स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळायला मात्र अगदी अलीकडचा काळ उजाडावा लागला.

नेरळच्या वाटेवर एकोणिसाव्या शतकात बायका, वृद्ध आणि आजारी माणसं पालखीत किंवा खुर्चीत बसून वर जात, पुरुष टट्टवावर, आणि सामान हमालांच्या डोक्यावर. वर पोहोचल्यावर सकाळ-संध्याकाळचा कार्यक्रम ठरलेला असे: पॉइंट. लुइझा, अलेक्झांडर, पॅनोरमा, गार्बट, वन ट्री हिल. या नावांमधून साहेबी सुट्टीचा इतिहास ऐकू येतो. पण तिकडे नेणाऱ्या वाटांची ठेवण नीट पाहिली तर त्यात पाठीवर माणूस घेऊन चालणाऱ्या जनावराचा विचार दिसतो. वाट अंगावर येणारा चढ टाळते, कड्याला वळसा घालते, झाडांच्या सावलीतून जाते. पायाखाली जांभ्याची तांबडी माती. ती टापेला थोडी आत घेते, म्हणून घोडा त्यावर विश्वासाने पाऊल टाकतो. या मातीकडे पुढे परत यावंच लागेल, कारण आजचा मोठा वाद तिच्यावरच आहे.

इंग्रजांच्या मागोमाग मुंबईची पारशी, बोहरी आणि गुजराती घराणी आली. मे महिना म्हणजे माथेरान, असा कित्येक पारशी घरांचा परिपाठच होता. आचारी, आया, पेट्या, पोरंबाळं असा अख्खा संसार महिन्याभरासाठी वर जाई. महिनाभर एकाच ठिकाणी राहायचं म्हटल्यावर मुलांची घोड्यांशी ओळख होणारच. आजचा पर्यटक दोन तासांसाठी घोडा घेतो. त्या मुलांना रोज सकाळी तोच घोडा, तोच घोडेवाला मिळे. घोड्याच्या खोडी मुलाला कळत आणि मुलाच्या घोड्याला. ऑलिम्पिया मैदानावर शर्यती भरू लागल्या, आणि बंगल्यातली मंडळी व घोडेवाले एकाच धुरळ्यात उभे राहून आपापल्या घोड्याच्या नावाने ओरडू लागले.

मग आली आगगाडी. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशावर आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या चिकाटीवर नेरळ-माथेरान रेल्वे उभी राहिली. काम १९०४ मध्ये सुरू झालं, १९०७ मध्ये गाडी धावू लागली. दोन फुटांचा रूळ, सुमारे एकवीस किलोमीटरची वाट, वीस फुटांमागे एक फूट इतका चढ आणि खर्च सोळा लाख रुपये. या रेल्वेचे सल्लागार अभियंते होते एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. बार्शी लाइट रेल्वे उभारणारे म्हणून ते महाराष्ट्राला माहीत आहेत. मात्र याच माणसाला घोड्यांचं विलक्षण वेड होतं, हे फारसं सांगितलं जात नाही. इंग्लंडमधल्या आपल्या घरी ते अरबी घोड्यांची पैदास करत, आणि १९२० मध्ये त्यांनी 'द हॉर्स, ॲज कॉम्रेड अँड फ्रेंड' नावाचं पुस्तक लिहिलं. घोडा हा सोबती आहे, धाकापेक्षा मायेने तो लवकर शिकतो, हा त्यांचा आग्रह होता. घोड्याच्या वाटेवर रूळ टाकणाऱ्याच्या मनात घोड्याला इतकी जागा असावी, हा योग मोठा सुंदर आहे.

गाडीमुळे नेरळचा घाट चढणाऱ्या टट्टवांचं काम कमी झालं, पण घोडा डोंगरावरून गेला नाही. उलट गाडीने माणसं वाढवली. जे काम आधी चढाचं होतं ते आता माथ्यावर फिरवण्याचं झालं. स्वातंत्र्यानंतर तर गिरगाव, दादर, ठाणे, डोंबिवलीच्या मराठी घरांना माथेरान आवाक्यात आलं. शनिवारची लोकल, नेरळला गाडी बदलायची, वर एखाद्या साध्या खाणावळीत दोन दिवस. अनेक घरांच्या जुन्या अल्बममध्ये घोड्यावर बसलेल्या मुलाचा तो फोटो असतो: डोक्याला उन्हाची टोपी, हातात लगाम, चेहरा रडवेला किंवा शिवरायांसारखा करारी, आणि चौकटीच्या कडेला अर्धाच आलेला घोडेवाला. त्या फोटोत त्याचा चेहरा क्वचितच पूर्ण येतो. घोड्याचं नाव मात्र मुलाला वीस वर्षांनीही आठवतं.

घोडेवाल्याचा दिवस पहाटे सुरू होतो. खरारा, पाणी, तोबऱ्यात चंदी, खुरांत अडकलेले खडे काढणं, नाल सैल झालाय का पाहणं. खोगीर कसण्याआधी तो घोड्याच्या पाठीवरून हात फिरवतो. त्या हाताला त्या दिवसाचा घोडा कळतो. काल जास्त काम झालं असेल तर पाठ आखडलेली असते. रात्री काही जनावर फिरकलं असेल तर मानेचे स्नायू ताठ असतात. मग त्या दिवशी लहान मूल त्या घोड्यावर बसत नाही.

घोड्याचा स्वभाव पारखण्याची आपल्याकडे फार जुनी विद्या आहे. शालिहोत्राच्या परंपरेत रंग, पायांवरचे पांढरे पट्टे आणि अंगावरचे भोवरे पाहून घोडा ठरवत. चारही पाय आणि तोंड पांढरं तो पंचकल्याणी, कान काळे तो शामकर्ण. गळ्याखालचा भोवरा, म्हणजे देवमण, शुभ. काही जागची गोम मात्र अशी अशुभ मानत की धडधाकट घोड्याचीही किंमत पडे. नकुलाच्या नावे असलेलं 'अश्वशास्त्रम्' तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने १९५२ मध्ये रंगीत चित्रांसह छापलं. तंजावरच्या मराठी राजांनी वाढवलेल्या संग्रहातून ते बाहेर यावं हे योग्यच. भोवऱ्यांची गोष्ट निव्वळ अंधश्रद्धा म्हणून मोडीत काढावी, तर १९९५ मध्ये अमेरिकेतल्या टेंपल ग्रँडिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना गुरांच्या कपाळावरच्या भोवऱ्याची जागा आणि त्यांचा बुजरेपणा यांत नातं आढळलं: ज्यांचा भोवरा डोळ्यांच्या वर, ती धरून ठेवल्यावर अधिक बिथरत. म्हणून देवमण भाग्य आणतो असं सिद्ध होत नाही. पण जनावराच्या अंगावरून त्याच्या मनाचा अदमास घेणाऱ्या जुन्या माणसांची नजर पोकळ नव्हती, एवढं मान्य करायला हरकत नसावी.

माथेरानचा घोडेवाला भोवऱ्यांपेक्षा कानांवर जास्त भिस्त ठेवतो. टवकारलेले कान म्हणजे समोर काहीतरी आहे. एक कान मागे वळलेला म्हणजे पाठीवरच्या माणसाकडे लक्ष आहे. दोन्ही कान मानेला चिकटले की मागच्या घोड्याने अंतर राखावं, नाहीतर लाथ ठरलेली. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. फक्त कपाळाच्या अगदी पुढचं आणि शेपटीच्या मागचं दिसत नाही. म्हणून मागून धावत आलेलं गोड पोरगं त्याच्या लेखी अचानक उगवलेला धोका असतं. माथेरानची माकडं हा आणखी एक विषय. झाडावरून धप्पकन उतरणाऱ्या माकडाकडे एखादा घोडा ढुंकूनही पाहत नाही, तर दुसरा दहा वेळा तीच वाट चालूनही त्याच झाडाखाली अडतो.

स्वभावांची ही विविधता कळपात फार स्पष्ट दिसते. घोडा कळपाचं जनावर आहे आणि कळपात प्रत्येकाची पायरी ठरलेली असते. कित्येकदा सगळ्यांत वरची पायरी एखाद्या वयस्क घोडीची असते. अंगाने ती सगळ्यांत मोठी असेलच असं नाही. पण पाण्यावर ती आली की दांडगे घोडेही बाजूला होतात. काही घोड्यांना पुढे चालल्याशिवाय चैन पडत नाही. काही जण पुढे काढले की घाबरतात आणि कुणाच्या तरी शेपटीमागे दिवसभर निवांत चालतात. दोघांची दोस्ती असते. एकाला पॅनोरमाला नेलं आणि दुसऱ्याला बाजारात ठेवलं तर मागे राहिलेला खिंकाळून सगळा तळ डोक्यावर घेतो. चार जणांच्या कुटुंबाला चार घोडे देताना घोडेवाल्याला दोन नाती सांभाळायची असतात, माणसांची आणि घोड्यांची. आई आणि मूल मागेपुढे हवेत. मग त्यांचे घोडेही एकमेकांचं पटणारे हवेत.

शर्यतीतून उतरलेल्या घोड्यांची गोष्ट निराळी. मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सवर ज्यांचं काम संपतं त्यांतले काही डोंगरावर येतात. उंच, पातळ कातडीचे, देखणे. आयुष्यभर त्यांना एकच शिकवलेलं असतं: फाटक उघडलं की सुटायचं. लगाम ताणला की असा घोडा थांबण्याऐवजी अधिक जोर लावतो, कारण धावपट्टीवर ताणलेल्या लगामाचा अर्थ त्याने तसाच शिकलेला असतो. त्याला संथ चाल शिकवायला, शेजारून दुसरा घोडा गेला तरी ती शर्यत नाही हे पटवायला घोडेवाल्याला महिनेच्या महिने लागतात. काही शिकतात आणि मग पोरांना सांभाळून नेतात. काहींच्या अंगातून ते कधीच जात नाही. त्यांच्यावर जाणकारालाच बसवतात. रुबाबदार घोडा मागणाऱ्या तरुण पर्यटकाला नकार देणं हे घोडेवाल्याच्या प्रामाणिकपणाचं लक्षण आहे. भाडं बुडतं, तरी चांगला घोडेवाला नकार देतो.

कड्यावरची भीती तर सगळ्यांच्या ओळखीची. वाट पुरेशी रुंद असते, आणि तरी घोडा नेमका दरीच्या बाजूने चालतो. पाठीवरच्या माणसाचा जीव वरखाली होतो. डोंगरात ओझं वाहणाऱ्या घोड्यांत ही सवय जगभर दिसते, आणि तिला कारण आहे. दोन्ही बाजूंना लादलेलं ओझं आतल्या बाजूने चाललं तर कातळाला आपटतं आणि घोड्याचा तोल जातो. एकदा तसं झालं की तो शहाणा होतो आणि मोकळ्या बाजूला सरकतो. माथेरानमध्ये माणसं वाहणाऱ्या घोड्यांशिवाय मालवाहू घोड्यांचाही ताफा आहे. गॅसचे सिलिंडर, भाजी, दूध, सिमेंट, वीट, हॉटेलांच्या गाद्या, जे दस्तुरीपर्यंत ट्रकने येतं ते पुढे घोड्याच्या पाठीवर किंवा माणसाच्या डोक्यावर जातं. पर्यटकाच्या ताटातली कोशिंबीर घोड्यावरून आलेली असते. २६ जुलै २००५ च्या पावसात रेल्वेचे रूळ वाहून गेले आणि गाडी २००७ मध्ये पुन्हा धावली. मधल्या काळात गाव चाललं ते याच पाठींवर.

एरवीही पावसाळा या धंद्याचा कस पाहतो. जूनपासून माथ्यावर धुवाधार पाऊस, दाट धुकं आणि शेवाळलेल्या वाटा. पर्यटक शनिवार-रविवारपुरते, आणि चंदी मात्र रोजची. बरेच घोडे त्या दिवसांत खाली नेरळच्या बाजूला जातात. २०२० च्या टाळेबंदीत तर भर हंगामात डोंगर रिकामा पडला. गाडी बंद करून ताडपत्री टाकून ठेवता येते. घोड्याला तसं ठेवता येत नाही. त्या महिन्यांत काही संस्थांनी आणि जुन्या पर्यटकांनी चाऱ्याची मदत पाठवली, तेव्हा पुष्कळांना पहिल्यांदाच जाणवलं की आपल्या सुट्टीतला तो राजा किंवा बादल वर्षाचे बाराही महिने कुणाच्या तरी घरातला खाणारा जीव असतो.

माथेरानवर परवानाधारक प्रवासी घोड्यांची संख्या साडेचारशेच्या आसपास सांगितली जाते. मोटारींना बंदी पहिल्यापासूनच होती. ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला आणि त्या बंदीला नवं बळ मिळालं. याच बंदीच्या आधाराने घोडा टिकला, आणि तिच्याच सावलीत हातरिक्षाही टिकली. माणसाने माणसाला ओढण्याची ती प्रथा एकविसाव्या शतकात चालू राहणं लाजिरवाणं होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने डिसेंबर २०२२ मध्ये प्रयोग म्हणून सात ई-रिक्षा सुरू झाल्या, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून त्या ओढणाऱ्यांचं ई-रिक्षांद्वारे पुनर्वसन करायला सांगितलं. रिक्षा ओढणाऱ्यांना आणि शाळेत जाणाऱ्या मुलांना, म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना याने दिलासा मिळाला. घोडेवाल्यांच्या संघटना मात्र चिंतेने न्यायालयात गेल्या होत्या. त्यांची चिंता खोटी नाही. दस्तुरी ते बाजारपेठ हा सरळ, रोजचा, हमखास भाड्याचा टप्पा हातातून निघाला तर घोड्याचा खर्च भागणार कशावर?

दुसरा वाद रस्त्याच्या पृष्ठभागाचा. धूळ आणि धूप थांबावी म्हणून मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसवले गेले. चाकाला ते सोयीचे. लोखंडी नाल ठोकलेली टाप मात्र त्यावर घसरते, विशेषतः उतारावर आणि ओल्यात. जो घोडा तांबड्या मातीवर डोळे मिटून चालल्यासारखा चालतो तोच ब्लॉकवर पाय आखडून, मान खाली घालून एकेक पाऊल चाचपतो. गरीब स्वभावाचा घोडाही अशा ठिकाणी बिथरतो, आणि दस्तुरीवर विचारपूर्वक लावलेली जोडी तिथे निरुपयोगी ठरते. न्यायालयाने २०२५ च्या आदेशात दस्तुरीपासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत ब्लॉक चालतील, आतल्या रस्त्यांवर आणि जंगलातल्या वाटांवर नाहीत, असा भेद केला. हा भेद शहाणपणाचा आहे. मुख्य रस्ता ई-रिक्षेचा आणि पॉइंटांच्या वाटा घोड्यांच्या, अशी वाटणी नीट राबवली तर दोघांनाही जागा आहे. त्यासाठी पॉइंटांच्या वाटांवरच्या मातीची दरवर्षी पावसाळ्यानंतर डागडुजी लागेल, वाहून गेलेल्या ठिकाणी जांभ्याच्या दगडांचे बांध घालावे लागतील, मुख्य रस्त्यालगत टापांसाठी मातीचा पट्टा सोडावा लागेल. घोड्यांसाठी वाटेवर पाण्याच्या टाक्या आणि डोंगरावर पशुवैद्य हवा. यातलं काहीही अवघड अभियांत्रिकीचं नाही. एकोणिसाव्या शतकात टट्टवांसाठी वाटा आखणाऱ्यांना जे साधलं ते आज साधायला हरकत नसावी.

घोडेवाल्यांच्या पुढच्या पिढीतली बरीच मुलं आता नेरळ, कर्जत, बदलापूरला नोकरी शोधतात. जी डोंगरावर राहतात ती बापाच्या मागे मागे फिरत आधी शेण काढायला, मग खरारा करायला, मग नाल ओळखायला शिकतात. आणि अखेरीस एक दिवस बाप नाक्यावर मागे उभा राहून मुलाला म्हणतो, आज या कुटुंबाला घोडे तू लाव.